दोन सुलट, दोन उलट

मराठी समीक्षकांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. ही मंडळी कादंबरीवर लिहायला बसली की कथानकाची वीण सैल आहे म्हणतात. भाषेचा पोत खडबडीत आहे म्हणतात. उपकथानकांचे धागे जुळत नाहीत, अनुभवाचे पदर उलगडत नाहीत आणि शेवटी शेवटी तर लेखकाचा सगळा गुंताच झालाय, असंही म्हणतात. एवढे सगळे शब्द ज्या उद्योगातून उसने आणले, त्या उद्योगाकडे मात्र यांनी पुन्हा वळून पाहिलेलं नाही. आमच्या बँकेत एखाद्या खात्यावर असा प्रकार झाला असता, तर नव्वद दिवसांत ते खातं एनपीएत गेलं असतं. इथे पिढ्या गेल्या, हप्ता नाही!

तेव्हा हे कर्ज थोडंफार फेडावं म्हणून मी एका कलाकृतीची, खरं तर एका कलावतीच्या समग्र कामाची, समीक्षा करायला बसलो आहे. माझी पात्रता विचाराल तर बी. कॉम., द्वितीय श्रेणी. अनुभव : बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं. आणि कलावतीशी परिचय : तिच्या हातचा चहा दिवसातून तीनदा.

हिने विणायला सुरुवात केली त्याला नऊ वर्षं झाली. आता पहिला प्रश्न असा, की नवापुरात राहणाऱ्या बाईने लोकर हातात घ्यावीच का? बोईसर स्टेशनवरून रिक्षाने पश्चिमेकडे निघालात, की एमआयडीसीचा वास संपतो आणि सुक्या मासळीचा सुरू होतो, तिथे आमचं गाव लागतं. पुढे समुद्र. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, एमआयडीसीत काय काय तयार होतं ते एमआयडीसीलाच माहीत; पण थंडी तयार करण्याचा कारखाना या पट्ट्यात अजून कोणी काढलेला नाही. जानेवारीत तीन पहाटे अशा येतात, की माणूस पंखा पाचावरून तीनवर आणतो. तेवढाच आमचा हिवाळा.

पण कलेची प्रेरणा हवामानावर अवलंबून नसते, लोकलवर असते. ही विरारच्या एका कचेरीत जाते. २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत येऊ लागली आणि बोईसर ते विरार हा प्रवास नित्याचा झाला. त्या बायकांच्या डब्यात, खिडकीशी बसणाऱ्या एका वयस्कर बाईंनी हिला सुया धरायला शिकवलं. त्यामुळे हिचं सुरुवातीचं सगळं काम रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे. आमच्या घरात पहिल्या मफलरची लांबी इंचांत कधी कोणी सांगितली नाही. "उमरोळीपर्यंत दोन सुया झाल्या." "पालघरला गर्दी चढली आणि टाका सुटला, तो केळवे रोडला सापडला." "सफाळे गेलं, वैतरणेचा पूल आला तरी रंग बदलायचा राहिला, म्हणून तो निळा पट्टा रुंद आहे." तो मफलर आजही माझ्यासमोर आहे. जाणकाराला त्यात सगळी स्टेशनं दिसतात.

कलाकृती म्हणून पाहिलं तर या मफलरचा दोष एकच. तो ३२ टाक्यांनी सुरू होतो आणि ४१ टाक्यांनी संपतो. म्हणजे एका टोकाला तो मफलर आहे आणि दुसऱ्या टोकाला शाल होण्याच्या बेतात आहे. नवशिक्या हातांचं हे ठरलेलं दुखणं : सुई फिरवताना धागा पुढून न राहता वरून मागे गेला, की पहिल्या टाक्याचे दोन दिसतात आणि भाबडी माणसं ते दोन्ही विणतात. मी तेव्हा म्हटलं, "टाके वाढले म्हणजे फायदाच की!" हे मी म्हणायला नको होतं. संध्याकाळी रोकड मोजताना शंभर रुपये कमी आले तर कॅशियर खिशातून भरून घरी जातो. पण शंभर रुपये जास्त आले तर कोणीच घरी जात नाही. ही जास्तीची नोट कुठून आली, हे सापडेपर्यंत रात्रीचे नऊ. नफ्यासारखी दिसणारी चूक सर्वांत वाईट, हे मला काउंटरमागे कळत होतं आणि घरी सोफ्यावर कळत नव्हतं.

विणकामाचं व्याकरण मला कॉमर्समुळे फार लवकर समजलं, असं मी अभिमानाने सांगतो. टाके मुळात दोनच. सुलट आणि उलट. आणि पुढच्या बाजूने जो सुलट, तोच मागून पाहिला की उलट. म्हणजे डबल एन्ट्रीच! नावे तेवढी जमा. दोन सुलट, दोन उलट अशी ओळीवर ओळ घेत गेलं की उभ्या पट्ट्यांची वीण होते. ती ताणली तर ताणते, सोडली तर पुन्हा अंगाशी येते. म्हणून मनगटाला, गळ्याला आणि कमरेला ती घालतात. हिंदी मासिकांच्या बुनाई विशेषांकात टाक्याला 'फंदा' म्हणतात. नव्या माणसाने 'सहा फंदे घाला, मग दोन फंदे एकत्र घ्या' असं वाचलं, तर घाबरून पोलिसांत जाईल.

उसवणं हा मात्र स्वतंत्र विषय आहे, आणि तो मला आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलांनी समजावला. ते ओट्यावर बसून जाळं सांधत असतात. कारखान्यांचं सांडपाणी वाहून आणणारी पाइपलाइन आमच्याच समुद्रात येते. मासळीबद्दल त्यांना विचारलं तर ते नुसती मान हलवतात आणि पुढचा डोळा विणतात. एकदा त्यांनी हिच्या हातातला तुकडा मागून घेतला, उन्हात धरला, बोटांनी चाचपला आणि विचारलं, "यात गाठ कुठे आहे?"

ही म्हणाली, "गाठ नसतेच. एकच धागा, एकातून एक काढायचा."

म्हातारबुवा हबकले. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याला गाठ असते. मोठा मासा धडकला आणि चार डोळे तुटले तर चारच तुटतात, बाकीचं जाळं आपल्या जागी राहतं. म्हणून तर ते सांधता येतं. "आणि हे?" हिने सुई काढून टोक ओढून दाखवलं. सुर्रकन तीन ओळी गेल्या. म्हातारबुवांनी तुकडा परत दिला आणि म्हणाले, "बाई, तुमचं काम आमच्यापेक्षा भरवशाचं पाहिजे." आमच्या घरात झालेली ही पहिली खरी समीक्षा. ती माझी नव्हती, याची नोंद करतो.

हिशेबाच्या भाषेत याला 'शेवटी आलेला माल प्रथम बाहेर' म्हणतात. वीण उसवायची तर शेवटच्या टाक्यापासूनच मागे जावं लागतं. पहिल्या ओळीत चूक असेल तर ती सगळ्यांत शेवटी हाती येते. बँकेत रिव्हर्सल एन्ट्री टाकता येते, चुकीची नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्ती लिहिता येते. इथे तशी सोय नाही. होमरची पेनेलोपी रोज रात्री दिवसाचं कापड उसवत असे, ती नवऱ्याची वाट पाहत होती म्हणून. आमच्याकडे उसवताना नवरा समोर असतो आणि त्याने तेवढा वेळ बोलायचं नसतं.

मधल्या काळातल्या कामांवर मी फार थांबणार नाही. भाच्याचं टोपडं झालं तेव्हा भाचा बालवाडीत होता. मोज्यांचा एकच पाय झाला. दुसऱ्याची प्रेरणा ओसरली. मग क्रोशाचं एक पर्व येऊन गेलं. त्यात फ्रिज, मिक्सर आणि माझी हेल्मेट यांना झालरी मिळाल्या. २०१६ साली चेन्नईत शेकडो बायकांनी चौकोन जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण केलं आणि गिनीज बुकात नाव घातलं, ही बातमी मी हिला मोठ्यांदा वाचून दाखवली. प्रोत्साहन म्हणून. ही म्हणाली, "त्यांच्या नवऱ्यांनी चौकोन मोजले नसतील."

आता प्रमुख कलाकृतीकडे येतो. बाटलीच्या हिरव्या रंगाचा, पुऱ्या बाह्यांचा, पुरुषी स्वेटर. दुसऱ्या वर्षी केलेला. आमची सासुरवाडी निफाडची. डिसेंबर-जानेवारीत राज्यातला पारा सर्वांत खाली कुठे गेला याची बातमी येते, तेव्हा तिथे निफाडचं नाव हमखास असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तो आकडा मोजतात. द्राक्षांच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटवतात, घड तडकू नयेत म्हणून. अशा गावात सासरेबुवा पहाटे पाचला फिरायला जात. निवृत्त मास्तर, शिस्त मोडणार नाहीत. म्हणून हिने त्यांच्यासाठी शुद्ध लोकर नाशिकहून आणली. पन्नास ग्रॅमचे बारा गुंडे. (एरवी आमच्या घरातल्या लोकरीत मेंढी किती आणि अॅक्रिलिक किती, हे मेंढीलाही सांगता येणार नाही.)

स्वेटर झाला. पाठ उत्तम, गळा उत्तम. आणि डावी बाही उजवीपेक्षा सव्वा इंचाने लांब!

समीक्षक म्हणून मला हे कोडं पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. कारण दोन्ही बाह्या ११९ सुयांच्याच होत्या. मी स्वतः मोजल्या होत्या. नोटा मोजणाऱ्या बोटांनी. शेवटी पट्टी लावली तेव्हा उकल झाली. उजव्या बाहीत इंचाला सात ओळी होत्या, डावीत साडेसहा. ११९ भागिले ७ म्हणजे १७ इंच; ११९ भागिले साडेसहा म्हणजे सव्वाअठरा. उजवी बाही लोकलमध्ये झाली होती : चौथ्या सीटवर, खांदे आक्रसून, धागा बोटाला करकचून. डावी दिवाळीच्या सुट्टीत, घरी, पाय पसरून. विणकामात धाग्याच्या या ताणाला 'टेन्शन' असाच शब्द आहे आणि तो आपल्या टेन्शनपेक्षा फारसा वेगळा नाही. एकाच बाईच्या हातची वीण विरारच्या गाडीत घट्ट होते आणि घरच्या खुर्चीत सैल. लेखकाच्या शैलीवर परिस्थितीचा परिणाम होतो, यावर जाडजूड ग्रंथ आहेत. माझ्याकडे दोन बाह्या आहेत.

हा शोध मला लागला तोवर स्वेटर निफाडला पोचला होता. सासरेबुवांचं पत्र आलं. 'स्वेटर मिळाला. ऊबदार आहे. मापात बसतो.' मास्तर माणूस, शब्द मोजके. हिने ते पत्र पर्समध्ये ठेवलं.

यानंतरचा भाग समीक्षकाला अडचणीचा आहे, पण लिहायला हवा.

तीन वर्षांपूर्वी बँकेतली चार मंडळी आमच्याकडे जेवायला आली होती. ही तेव्हा माझ्यासाठी राखी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर विणत होती. पाठ झाली होती, पुढचा भाग निम्मा सुईवर होता. कोणीतरी कौतुक केलं. आणि माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. मी कागद घेतला. लोकर ११५० रुपये. श्रम १३० तास, तासाला ५० रुपये म्हणजे काहीच नाही तरी ६५००. एकूण ७६५०. "लुधियानाचा यंत्रावरचा स्वेटर सातशेला मिळतो. म्हणजे नवापुरातल्या तीन पहाटेंसाठी साडेसात हजारांचा माल!" पुढे मी माहितीही पुरवली, की विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ मध्येच मोजे विणायचं यंत्र काढलं, आणि हातांनी विणणाऱ्यांचं पोट जाईल म्हणून पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, असं सांगतात. "आमच्याकडची राणी अजून नाकारते आहे!"

मंडळी हसली. फार हसली. हीसुद्धा हसली आणि चहा करायला आत गेली.

डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' कादंबरीत एक मादाम दफार्ज आहे. दारूच्या गुत्त्यात बसून ती शांतपणे विणत असते, आणि ज्यांना गिलोटिनवर जायचं त्यांची नावं विणीत गुंफत असते. मला ती बाई परवडली असती. कारण ती विणत तरी होती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीपासून सुया दिसेनात. पर्समध्ये नाहीत, सोफ्यावर नाहीत. राखी स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटाच्या वरच्या खणात. भांडण नाही, अबोला नाही. लोकलमध्ये ही मोबाईल बघू लागली. एकदा मी चाचरत विचारलं, तर म्हणाली, "परवडत नाही हो." माझाच आकडा, माझ्याच आवाजात.

दीड वर्ष. ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो. तो स्वेटर तसाच पडून होता, आणि रोज कपाट उघडताना मला दिसत होता.

त्याच काळात सासरेबुवा गेले. दिवसकार्य आटोपून महिना झाल्यावर मेहुणा नवापूरला आला, त्याने हिच्या वाट्याच्या वस्तू आणल्या. पितळी डबा, काही पुस्तकं, हिची शाळेतली प्रगतिपुस्तकं आणि तो हिरवा स्वेटर. सहा हिवाळे वापरलेला. कोपरांना वीण विरळ झाली होती, खांद्यांवर रंग उडून पिवळट पडला होता. ही तो मांडीवर घेऊन बसली. मी समोर. मेहुणा चहा पीत होता.

हिने डावी बाही हातात धरली आणि थांबली. मनगटाशी एक सरळ रेघ होती. रेघेच्या खालचा पट्टा गडद हिरवा, नाशिकच्या दुकानातून आणला त्या दिवशीसारखा. वरची सगळी बाही फिकी. मग उजवी पाहिली. ती टोकापर्यंत एकसारखी फिकी.

"बाबा डाव्या हाताची घडी घालायचे," मेहुणा म्हणाला. "आत दुमडायचे, बरोबर. सवयच होती त्यांना. आई म्हणायची, ताईकडे पाठवा, करून देईल. तर म्हणायचे, ती गाडीत विणते, तिला कशाला."

मी पट्टी आणली नाही. पण त्या गडद पट्ट्याकडे पाहून सांगतो, सव्वा इंचच होता.

आता इथे तांत्रिक बाजू सांगणं भाग आहे. बाही मनगटापासून सुरू करून खांद्याकडे विणत नेतात. तेव्हा लांबी कमी करायची तर मनगटाकडून नुसतं टोक ओढून भागत नाही. तिकडची वीण तशी सुटत नाही. खांद्याची शिवण उसवून तिथून खाली यावं लागतं. मी हिला विचारलं, "दुरुस्त करणार का?" हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचे कप उचलून आत गेलो.

आतून बाहेर आल्यावर मी म्हटलं, "स्वेटर चांगला आहे." नऊ वर्षांतला माझा हा पहिला निखळ अभिप्राय. समीक्षेत त्याला किंमत नसते, कारण मागे विश्लेषण नाही.

"किती धरलात?" ही म्हणाली.

मेहुण्याला काही कळलं नाही. मला कळलं. मी म्हटलं, "तो हिशेब माझा चुकला होता. श्रम लिहिले, वापर लिहिलाच नाही." ही काही बोलली नाही. हिरवा स्वेटर घडी करून, दुमड तशीच ठेवून, पितळी डब्याशेजारी ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर मे महिन्यात, अंगाला घाम चिकटत असताना, ही वरच्या खणातली पिशवी काढून माझ्यासमोर बसली. राखी स्वेटरची पाठ आणि अर्धा पुढा. वीण मला तरी निर्दोष वाटत होती. हिने टोक शोधलं आणि ओढलं. सुर्र, सुर्र, दीड वर्षापूर्वीचे सगळे तास माझ्या डोळ्यांदेखत वळवळत जमिनीवर आले. मी न राहवून म्हटलं, "अगं, चांगला होता की!"

"त्याला बाह्या नव्हत्या," ही म्हणाली. "हात पुढे करा."

उसवलेल्या लोकरीला वळ्या पडलेल्या असतात. तिची लडी करून धुवायची, वाळवायची, मग पुन्हा गुंडा करायचा. गुंडा करताना लडी कोणाच्या तरी दोन हातांवर ताणून धरावी लागते. आमच्या घरात हे पद माझ्याकडे आहे. दोन्ही हात पुढे, तळवे समोरासमोर, नमस्कार करता करता कोणी थांबवल्यासारखे. नाकाला खाज आली तरी हात खाली करायचे नाहीत. शेजारचे तांडेल ओट्यावरून हे बघत होते आणि जाळं बाजूला ठेवून बघत होते.

"नवी लोकर दोन गुंडे लागेल बाह्यांना," ही म्हणाली.

"आणू की. बोईसरला—"

"आकडा सांगू नका."

लडी संपल्यावर हिने शिवणाची टेप काढली. छाती मोजली, पाठ मोजली. उजवा हात काखेपासून मनगटापर्यंत मोजला आणि कागदावर लिहिलं. मग टेप गुंडाळून डब्यात टाकली. मी डावा हात पुढे करून तसाच उभा.

"अगं, याचं माप राहिलं!"

"तो तुम्ही दुमडून घ्या," ही म्हणाली, आणि ३२ टाके घालायला लागली.